दवाखान्यात न आलेल्या माणसासाठी

सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ते डॉक्टर नव्हते, सनदी अधिकारी होते. ऑक्टोबर 1943 मध्ये ब्रिटिश सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करून पुढची आखणी सुचवण्यासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. महायुद्ध चालू होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 150 हून जास्त मुले वर्षाच्या आत दगावत होती आणि सरासरी आयुर्मान 27 वर्षांच्या आसपास होते. अशा काळात तयार होऊन 1946 मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने एक तत्त्व ठामपणे मांडले: पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये.

हे तत्त्व पुढे अनेक सरकारी दस्तऐवजांत आणि भाषणांत आले. त्याच अहवालातला दुसरा विचार मात्र मागे पडला, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. भोर समितीने आखणीची सुरुवात माणसे मोजून केली. दूरच्या टप्प्यावर दहा ते वीस हजार लोकवस्तीला 75 खाटांचे एक प्राथमिक केंद्र. तेवढे लगेच जमणार नाही म्हणून अल्प मुदतीत 40 हजार लोकांमागे एक केंद्र. उपचार आणि रोगप्रतिबंध ही दोन्ही कामे त्याच केंद्राची आणि त्याच माणसांची. म्हणजे केंद्राच्या हद्दीत राहणारा प्रत्येक जण, आजारी असो वा धडधाकट, कोणाच्या तरी जबाबदारीत असणार होता. त्याच्याही आधी, राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीने दर हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा अशी शिफारस केली होती. तिचे अध्यक्ष होते कर्नल साहिबसिंग सोखी, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक.

आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेवर बोलताना सहसा दोन मागण्या वेगवेगळ्या केल्या जातात. एक, सर्वांना उपचार मिळावेत. दुसरी, आजार होऊच नयेत म्हणून काम व्हावे. पहिलीसाठी विमा योजना निघतात, दुसरीसाठी मोहिमा आणि सप्ताह. या पुस्तकाची भूमिका अशी आहे की या दोन्ही मागण्या मुळात एकच आहेत, आणि त्या एकत्र पाहिल्याशिवाय दोन्हींपैकी एकही पुरी होणार नाही. दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसाकडे कोणी ना कोणी पाहते, बरे-वाईट कसेही. जो आलाच नाही, त्याला कोण विचारते? मजुरी बुडेल म्हणून तो आला नाही. दुपारनंतर एसटी नाही म्हणून आला नाही. औषध आत नसेल आणि हातात बाहेरची चिठ्ठी पडेल या धास्तीने आला नाही. बाईचे दुखणे चारचौघांत बोलायचे नसते म्हणून ती आली नाही. आणि रक्तदाब वाढलेला असूनही काही दुखत नव्हते, म्हणूनही कित्येक जण आले नाहीत. सर्वांपर्यंत सेवा पोचवणे म्हणजे यांच्यापर्यंत पोचणे, आणि आजार टाळणे म्हणजेही यांच्यापर्यंतच पोचणे, फक्त थोडे आधी.

स्वातंत्र्यानंतर 1952 पासून सामूहिक विकास कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली, पण भोर समितीने आखलेल्या मनुष्यबळापेक्षा आणि निधीपेक्षा फार कमी बळावर. मलेरिया, देवी, क्षय, कुटुंबनियोजन यांचे स्वतंत्र कार्यक्रम वरून खाली आले. देवीचे उच्चाटन झाले, ही या देशातल्या लसटोचकांची फार मोठी कामगिरी. पण प्रत्येक कार्यक्रमाचा आपला कर्मचारी आणि आपले उद्दिष्ट असल्याने गावातल्या अख्ख्या माणसाची जबाबदारी कोणाकडेच उरली नाही. 1978 मध्ये आल्मा-आटा येथे जगभरच्या सरकारांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय स्वीकारले. 1981 मध्ये सामाजिक शास्त्र संशोधन आणि वैद्यकीय संशोधन या दोन राष्ट्रीय परिषदांच्या अभ्यासगटाने पर्यायी आराखडा दिला. त्यामागचा एक प्रमुख हात शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या माणसाचा होता. आरोग्य लोकांच्या हाती आणि खालून वर, हा त्याचा गाभा. पुढच्या दोन दशकांत घडले उलटेच. सरकारी खर्च आखडता राहिला, खासगी दवाखाने वाढत गेले, आणि आजारपणाचा खर्च घरोघरच्या खिशावर आला.

तो किती आला, हे आकड्यांतच पाहावे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 64.2 टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून दिली होती. 2021-22 मध्ये हे प्रमाण 39.4 टक्क्यांवर आले आणि सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.15 टक्क्यांवरून 1.84 टक्क्यांपर्यंत चढला. सुधारणा खरी आहे, ती मान्य करायला हवी. ते कोविडचे वर्ष होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. तरीही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणूसच मोजत असेल, तर त्या व्यवस्थेला सर्वांची व्यवस्था म्हणता येत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च 2.5 टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा 8 टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असेही त्यात म्हटले होते. महाराष्ट्रासारखे संपन्न राज्य त्यापासून बरेच दूर आहे.

खिशातला हा पैसा जातो कुठे? मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल डोळ्यांत भरते, म्हणून आपल्याला वाटते की घरे तिथेच बुडतात. 2011-12 च्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की आरोग्य खर्चामुळे एका वर्षात साडेपाच कोटी माणसे दारिद्र्यरेषेखाली गेली, आणि त्यांतली 3.8 कोटी केवळ औषधांच्या खर्चामुळे. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, दम्याचा पंप, मुलाचा ताप, सलाईन, तपासण्या. महिन्या-महिन्याला थोडे थोडे करून घर पोखरणारा हा खर्च आहे, आणि त्यासाठी कोणी दवाखान्यात दाखल होत नाही.

इथेच विमा योजनांची मर्यादा कळते. महाराष्ट्राने 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर 2018 मध्ये आली: दहा कोटींहून अधिक कुटुंबांना दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. 2024 मध्ये तीत 70 वर्षांवरील सर्वांचा समावेश झाला. ज्यांच्या हृदयावरची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार या योजनांमुळे झाले, त्या घरांना त्यांचे मोल विचारावे. ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. मात्र या योजना माणूस दाखल झाल्यावर सुरू होतात. दाखल होण्याआधीची दहा वर्षे, ज्यात साखर वाढत गेली आणि मूत्रपिंड झिजत गेले, त्यांच्या हिशेबात येत नाहीत. रुग्णालयाला पैसे मिळतात ते केलेल्या उपचारांचे. टळलेल्या आजाराचे मिळत नाहीत.

या रचनेचे टोक कुठे जाते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. 2019 मध्ये ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न पुढे आला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत रक्तस्राव होतो, अशा तक्रारींवर गावाजवळ तपासणारे, साधी औषधे देणारे आणि धीर देणारे कोणी असते, तर यांतल्या कित्येक शस्त्रक्रिया टळल्या असत्या. कोयता बंद ठेवला तर मुकादमाचा दंड, म्हणून दुखणे अंगावर काढायचे. ते असह्य झाले की उचल घेऊन किंवा कर्ज काढून खासगी दवाखान्यात जायचे, आणि तिथे एकच उपाय तयार. या बायका पहिल्या पायरीवर कोणाच्याच जबाबदारीत नव्हत्या, म्हणून त्या थेट शेवटच्या पायरीवर पोचल्या.

यापेक्षा वेगळे घडू शकते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित वस्त्यांतल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, जुलाबात साखर-मीठ-पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, पाण्याचा हातपंप कुठे घ्यायचा याची चर्चा, ही सगळी कामे त्या करू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव आला आणि आल्मा-आटाच्या विचाराला त्याने बळ दिले. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक तरी आजार होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवरून हे कधीच कळले नसते. पुढे बंग दाम्पत्याने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरोघरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले: बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे, वेळ पडल्यास प्रतिजैविक देणे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस आई आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत. तेव्हा दवाखान्यानेच घरात यायचे, एवढी ही साधी आणि खोल गोष्ट. 2011 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत स्वीकारली.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी केली, तरी पुढच्या आठ वर्षांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे 2009 मध्ये सिद्ध झाले. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ असा शिधा दिला, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी आणि संसर्गजन्य फुप्फुसाच्या क्षयाचे 48 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2023 चा. कडधान्याची पिशवी क्षयावरचे औषध ठरते, हे ज्यांना पोटभर खायला मिळते त्यांनीच अधिक समजून घ्यायला हवे.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे. आधी हद्दीतल्या सर्वांची नोंद झाली, मग कोण आले नाही ते कळले, आणि कोणीतरी त्यांच्या दारात गेले. 2020 च्या उन्हाळ्यात, कोविडच्या साथीत, मुंबईच्या धारावीत पालिकेच्या आरोग्यसेविका आणि डॉक्टरांनी घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायू तपासला, तेव्हा हेच तत्त्व काही लाख लोकांच्या दाट वस्तीतही चालले.

सोखींच्या उपसमितीने मागितलेला हजार लोकांमागचा एक कार्यकर्ता देशाला सहा दशकांनंतर मिळाला. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. आज त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण या दहा लाख स्त्रिया आजही सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आणि थोडे मानधन आहे. मोबदला वाढावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागते. ज्या व्यवस्थेला प्रतिबंध खरोखर महत्त्वाचा वाटतो, ती प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांना कायम कर्मचाऱ्याचा दर्जा आणि जगण्याइतके वेतन देईल. आशांच्या वेतनाचा प्रश्न या पुस्तकात आरोग्यधोरणाचाच प्रश्न म्हणून आला आहे, कारण तो तसाच आहे.

भारताबाहेरच्या अनुभवांपैकी थायलंडला इथे सर्वाधिक जागा दिली आहे. थायलंडने 1980 च्या दशकात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचा विस्तार काही वर्षे थांबवून तो पैसा तालुका रुग्णालयांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात काही वर्षे काम करणे सक्तीचे होतेच. 1997 च्या आर्थिक संकटातून देश नुकता सावरत असताना, 2001-02 मध्ये, दर भेटीला 30 बाथ भरून सर्व उपचार ही योजना आली. ग्रामीण डॉक्टरांच्या चळवळीतून आलेले डॉ. सांगुआन नित्यरुम्पोंग हे तिचे शिल्पकार. तिची किल्ली पैसे देण्याच्या रीतीत आहे. तालुक्याच्या यंत्रणेला बाह्यरुग्ण सेवेचे पैसे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर मिळतात, केलेल्या उपचारांवर मिळत नाहीत. आणि प्रतिबंधासाठी दरडोई वेगळी रक्कम असते. माणसे निरोगी राहिली तर यंत्रणेचे नुकसान होत नाही. शिवाय दारू आणि तंबाखूवरच्या करावर 2 टक्के अधिभार लावून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी उभा केला. लोकांच्या खिशातून होणारा खर्च, जो आधी एकूण खर्चाच्या सुमारे एक तृतीयांश होता, तो पुढे दहा टक्क्यांच्या आसपास आला. आधी तालुका रुग्णालये उभी राहिली, मग हक्क जाहीर झाला, हा क्रम आपण नीट पाहावा असा आहे.

देशातही दाखले आहेत. तामिळनाडूने 1990 च्या दशकाच्या मध्यापासून स्वतंत्र महामंडळामार्फत औषधखरेदी करून सरकारी दवाखान्यांत औषधे टिकवली, आणि 2021 पासून रक्तदाब-मधुमेहाची औषधे घरपोच द्यायला सुरुवात केली. केरळचा अर्भक मृत्युदर 2020 मध्ये हजारी 6 होता. त्याच वर्षी देशाचा 28 आणि महाराष्ट्राचा 16. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क माफ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. आता ते पूर्ण व्हायचे तर फडताळात औषध हवे आणि खुर्चीत डॉक्टर हवा.

आक्षेप येतील आणि ते यावेत. पैसा कुठून आणायचा, हा पहिला. 2011 मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने याचे उत्तर दिले होते: करांतून, आणि त्यातला 70 टक्के भाग प्राथमिक सेवेवर. दुसरा आक्षेप, सरकारी यंत्रणा नीट चालत नाही. खरे आहे, म्हणूनच 2007 पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत चाललेल्या लोकाधारित देखरेखीचा, गावकऱ्यांनी जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारलेल्या प्रश्नांचा अनुभव इथे तपशिलात आहे. तिसरा आक्षेप असा, की लोकच पथ्य पाळत नाहीत. पण ज्या वस्तीत नळाला पाणी नाही, शाळेच्या कुंपणाला लागून गुटखा मिळतो आणि बारा तासांच्या पाळीत वडापावच परवडतो, तिथे आरोग्याचा सारा भार एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकणे अन्यायाचे आहे. प्रतिबंध हे आधी शासनाचे कर्तव्य आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत: इतिहास, पैसा, गाव-वस्तीतले काम आणि हक्क. आणीबाणीच्या प्रसंगी उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. शेवटचा भाग या दोहोंपासून सुरू होतो. लेखकांत डॉक्टर आहेत, अर्थशास्त्राचे अभ्यासक आहेत, परिचारिका आणि आशाही आहेत. सर्वांचे सर्व मुद्द्यांवर एकमत नाही आणि ते ओढूनताणून घडवलेले नाही. खासगी डॉक्टरांना सार्वजनिक व्यवस्थेत कसे आणि कोणत्या अटींवर सामावून घ्यावे, यावर तर दोन लेख एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. वाचकाने दोन्ही वाचावेत आणि आपले मत बनवावे.

हे पुस्तक तज्ज्ञांसाठी लिहिलेले नाही. ग्रामपंचायत सदस्य, रुग्ण कल्याण समितीवर बसणारा शिक्षक, बचत गटातली बाई, अंदाजपत्रकाची बातमी लिहिणारा वार्ताहर, वैद्यकीय महाविद्यालयात नुकता दाखल झालेला विद्यार्थी, यांच्या हाती ते पडावे अशी इच्छा आहे. ते वाचून झाल्यावर पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत काही नेमके प्रश्न विचारता येतील. आपल्या उपकेंद्राच्या हद्दीत तिशी ओलांडलेले किती जण आहेत, आणि त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब या वर्षी मोजला गेला? औषध चालू असलेल्यांपैकी या महिन्यात गोळ्या न्यायला कोण आले नाही, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले? आशाताईंचा मोबदला किती महिने थकला आहे? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक केंद्राला द्यावी लागतील, अशी व्यवस्था आपल्याला हवी आहे. भोर समितीने तिचा आराखडा 1946 मध्येच दिला होता. ती उभी करण्याइतका पैसा, ज्ञान आणि अनुभव आज देशाजवळ आहे. आता ती नागरिकांनी मागितली पाहिजे, दर अंदाजपत्रकाला आणि दर निवडणुकीत.